अम्मीच्या रजईचा कापूस

राजुऱ्याला थंडीची चाहूल लागली की अब्बा सगळ्यांत आधी अम्मीची रजई उसवत. दबलेला कापूस पिंजणीवर घेत, म्हणजे त्या उंच लाकडी धनुष्याची तात ठोकून तो मोकळा करत, आणि पुन्हा भरत. त्यांच्या मेंदी लावलेल्या दाढीत अडकलेले तंतू अम्मी चिमटीने टिपत राही. गिऱ्हाईक त्यानंतर.

यंदा उन्हाळ्यात अब्बा गेले आणि पिंजणीवरून माझं नि धाकट्या भावाचं, आकिबचं, वाजलं. मुलगा म्हणून अब्बांनी त्याला कसब शिकवलं, त्याला ते नकोच होतं. मला हवं होतं, पण पोरींनी तात धरायची नाही! आता मी बल्लारपूरला विज्ञान शिकवते, आणि राग अजून नाकावरच असतो.

"हॉटेलवाला भिंतीले टांगायले मागून राह्यला. देऊन टाकतो," आकिब म्हणाला. "अब्बाच्या छातीत कापूस भरला. माह्या नाई भरू देत. दुकानात मशीन हाय ना."

"बापाची वस्तू शोभेले देतं? शरम नाई वाटत?"

तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

इकडे थंडी पडली आणि अम्मीची झोप उडाली. मशीनला ती रजई देईना आणि गोळे झालेली रजई अंगावर घेईना. नुसती पलंगावर बसून राही. दिवसेंदिवस वाळत चालली होती. ही पण जाते की काय, अशी मला खरंच भीती वाटू लागली.

एका रविवारी मी आले, तर तिने स्वतःच रजई उसवून कापूस मागच्या खोलीत, खुंटीवर टांगलेल्या पिंजणीखाली नेऊन ठेवला होता. दुपारी भाकरी थापत असताना मागून आवाज आला. टंग... टंग... घुंई. दाराच्या फटीतून कापसाचे तंतू उन्हात तरंगत आले. आकिब विरघळला तर! माझे डोळे भरले. मुद्दाम आत गेले नाही. पठ्ठ्या लाजून काम टाकून पळाला असता.

आवाज थांबल्यावर गेले. खोलीत कोणी नव्हतं, ढीग मात्र गुडघाभर फुगलेला. मी तो खोळीत भरला आणि तिथेच टाके घालायला बसले. दुकान बंद करून आकिब आला. दुसरी सुई घेऊन तो दुसऱ्या टोकाला बसला. टाके घालत घालत आम्ही मधोमध भेटलो.

"आपा," तो हळूच म्हणाला, "दुकानापर्यंत ऐकू येत होतं. अब्बासारखाच हात हाय तुहा. कधी शिकली?"

"मी? मले वाटलं तू..."

तो हसला. मग हसायचा थांबला.

आम्ही वर पाहिलं.

पिंजण खुंटीवरच होती. तातीवर कोळ्याचं जाळं, अख्खं.

वाऱ्याने झालं असेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाई देत कोणाले," आकिब म्हणाला. "मी दाखवतो, तू शिक."

रजई पांघरल्या पांघरल्या अम्मी घोरायला लागली. आम्ही दोघं उंबऱ्यात बसून चहा प्यालो, लहानपणीसारखे भांडलो, वेड्यासारखे हसलो.

सकाळी ती ताजीतवानी उठली.

"चांगली झाली," म्हणाली. आम्हाला नाही.

पलंगाच्या रिकाम्या बाजूला वळून तिने हात उचलला, शेजारी बसलेल्या माणसाच्या हनुवटीइतका उंच, आणि चिमटीने काहीतरी टिपलं. मी हात पुढे केला. तिने ते माझ्या तळव्यावर ठेवलं.

कापसाचा तंतू होता. त्यात गुंतलेला दाढीचा एक केस, मेंदीने लाल झालेला.