कड्यावर मागून येणारा श्वास

अकोले तालुक्यातल्या डोंगरात गिधाडांनी पुन्हा घरटं केलंय, अशी बातमी आली आणि ते डोळ्यांनी पाहून यायचं ठरवून उझ्मा धाकट्या भावाला, परवेझला, घेऊन केडगावहून निघाली. ती नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. त्या कड्यावर कित्येक वर्षांत कुणाला गिधाड दिसलं नव्हतं. आता ज्याला दिसलं तो आसाराम, पायथ्याच्या वाडीतला शेतकरी, वाट दाखवायला पुढे झाला.

एक गोष्ट उझ्माने दोघांनाही सांगितली नव्हती. गेले काही महिने घरचा जिना चढतानाही तिला धाप लागायची. पाण्याची बादली उचलली की छातीत धडधड सुरू व्हायची. अम्मी त्याच जिन्यात गेली होती, ओल्या कपड्यांची बादली हातात असताना. लहानग्या उझ्माने खोलीतून तिचा श्वास ऐकला होता. तुटक, घशात अडकणारा, पायरी-पायरीने वर येणारा. मग तो ऐकू येईनासा झाला.

कारवीच्या रानातून चढ सुरू झाला. आपलं थांबणं दिसू नये म्हणून उझ्मा मागेच राहिली. दरीतलं धुकं वर सरकत आलं आणि त्यात पुढच्या दोघांच्या पाठी पुसट झाल्या. रान संपलं तिथे कड्याच्या पोटातून गेलेली अरुंद वाट लागली. एका अंगाला काळा कातळ, दुसऱ्या अंगाला नुसतं पांढरं धुकं. आसारामने तिघांच्या कमरेला दोर बांधला.

"वळनापल्याड घरटं हाय. पर दमानं या, ताई. गवत लई निसटतं हितं."

निम्म्या वाटेवर तिला तो ऐकू आला. मागून. तुटक, घशात अडकणारा श्वास!

ती थांबली. श्वास थांबला नाही. तिने वळून पाहिलं. वाट रिकामी होती.

"अम्मी?" तिच्या तोंडून निघालं.

काळीज गळ्यात येऊन आदळू लागलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. पाय निसटला! दोर ताणला गेला. परवेझ कातळाला छाती लावून रेटून उभा राहिला, आसारामने तिचं मनगट पकडलं आणि दोघांनी तिला वर ओढलं.

"आपा, काय होतंय?"

वळणापलीकडून पंखांची जड फडफड आली. घरटं इतकं जवळ होतं. "काही नाही" म्हणायला उझ्माने तोंड उघडलं. अम्मीही रोज हेच म्हणायची.

"अम्मीसारखं होतंय," ती म्हणाली. "बरेच महिने झाले. मला खाली ने."

परवेझचा चेहरा उतरला. घरटं न पाहताच तिघं मागे फिरले. दोघांच्या आधाराने, बसत उठत ती उतरली, आणि वाडी येईपर्यंत तो श्वास तिच्या कानाशी राहिला.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या.

"हृदयाचा स्नायू जाड झालाय. जपलंत तर नीट राहाल, पण डोंगर आता बंद. हे घराण्यात चालत येतं. तुमच्या आईलाही हेच असावं. भावालाही तपासून घ्या."

"मला कशाला?" बाहेरच्या बाकापाशी आल्यावर परवेझ म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

उझ्मा बाकावर बसून त्याच्या पाठीकडे पाहत राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

खिडकीचा गज धरूनच तो बोलला.

"ईदपासून. गॅसचा सिलिंडर जिन्याने वर आणला ना, तेव्हा पहिल्यांदा धाप लागली."

उझ्मा सावकाश उठली. तिने त्याचा हात धरला आणि त्याला आत डॉक्टरांकडे नेलं.