तिसऱ्या रांगेतला खोकला

"तिसरी रांग. एक आजारी. वेगळी काढा," आढ्याला टांगलेला कानोसा बोलला, तसा सारिकाने अंड्यांचा ट्रे खाली ठेवला.

कानोसा म्हणजे पशुपालकांना मदत करणाऱ्या विस्तार खात्याने शेडोशेडी बसवलेलं ऐकणारं यंत्र. हजार कोंबड्यांच्या कलकलाटातून एकीच्याच घशातली घरघर ते अचूक निवडी. ते आल्यापासून खडकमाळावरच्या शेडांतली कोंबड्यांची मर जवळपास थांबली होती, आणि लोक लग्नाची पहिली पत्रिका विस्तार अधिकाऱ्यांना पाठवू लागले होते.

सासू-सुनेने तिसरी रांग पालथी घातली. सगळ्या कोंबड्या लालभडक तुरे मिरवत दाणे टिपत होत्या.

"आई, ह्याचेच कान फुटलेत," सून तन्वी हसली. हसता हसता तिला खोकला आला.

"तिसरी रांग. आजार वाढला. वेगळी काढा."

सारिकाने वर कानोशाकडे पाहिलं, मग तन्वीकडे.

"तन्वी, त्या कोपऱ्यातल्या टाकीपाशी जाऊन खोक बघू."

"काहीतरीच काय, आई!"

"जा म्हणते ना."

तन्वी गेली, खोकली.

"पाण्याची टाकी. एक आजारी. वेगळी काढा."

सारिकाने घाईने मोबाइल काढला. तिने विस्तार अधिकारी पौर्णिमा मॅडमना फोन लावला. "मॅडम, तुमचं यंत्र माझ्या सुनेला कोंबडी समजतंय हो! बिघडलंय ना ते?"



"काकू, कानोसा कोंबडी ओळखत नाही. तो फक्त रोग ओळखतो. तिने पिल्लांना तोंड लावलं होतं?"

गुदमरलेल्या पिल्लाच्या चोचीत फुंकर मारून त्याला जगवायचं, हे तन्वीला सारिकानेच शिकवलं होतं. केवढ्या कौतुकाने!

"लसीमुळे कोंबड्या ठणठणीत दिसतात, रोग मात्र आत राहू शकतो," मॅडम भराभर बोलत होत्या. "तिला वेगळ्या खोलीत ठेवा, तोंडाला रुमाल बांधा, मी गाडी पाठवते. वेळेत मिळालं तर औषध लागू पडतं. नशीब, माणसाला झालेली ही पहिलीच लागण. एरवी या पंधरवड्यात तालुक्यातून कानोशांच्या इशाऱ्यांचा नुसता पाऊस आहे, पण सगळ्यांनी आजारी कोंबडी सापडली, पुरली, असंच कळवलंय."

 कोंबडी सापडली नाही की काय करतात, हे माळावर कुणाला ठाऊक नव्हतं? हाताला लागेल ती उचलायची, पुरायची आणि कानोशाला 'काढली' म्हणायचं, की यंत्र तेवढ्यापुरतं गप्प.

"मॅडम," ती कशीबशी म्हणाली, "त्या शेडांत खोकलं कोण होतं, ते कुणी बघितलंय का?"