हरलेल्याचा पेला

"थांबा! तिथेच… एक पाऊलही पुढे नको!"

व्हारीच्या पाठीवर पाण्याची टाकी होती, हातात झारी. बर्फावर तिने नुकतेच बारीक थेंब शिंपडले होते. ते गोठले की त्यांच्यावरूनच कर्लिंगच्या खेळातले जड दगड सरकतात. आणि त्या बर्फाच्या काठाशी एक तरुण उभा होता, बुटांना मेंढवाड्याचा चिखल घेऊन!

"माफ करा… पहाटे मेंढी व्याली. जुळं झालं."

"अभिनंदन. बूट काढा."

तो हसला, बूट काढून मोज्यांवर उभा राहिला. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं.

म्हणजे मेंढ्या राखणारा खेळाडू स्ट्रूअन मॅकफेल तो हाच! भिंतीवरच्या फोटोत त्याची आजी गोठलेल्या तळ्यावर दगड सोडत होती. बाप दोनदा राष्ट्रीय अंतिम सामना हरलेला. आजचा अंतिम सामना जिंकणारा संघ स्कॉटलंडकडून खेळणार होता. मॅकफेलांच्या तीन पिढ्यांत ते कुणालाच जमलं नव्हतं.

"जिंकलो, तर रिवाजाप्रमाणे हरलेल्यांना मी पाजायचं," तो म्हणाला. "तुम्हीही याल?"

"मी कुठे हरणार आहे?"

"आणि मीच हरलो तर?"

"तर… बघू."

दुपारी सामना शेवटच्या दगडावर आला. स्ट्रूअनच्या थोरल्या भावाने, रोरीने, दगड सोडला. दगडापुढे वाकून, तो लांब जावा म्हणून ब्रशने बर्फ घासत स्ट्रूअन धावू लागला. काचेमागून व्हारी बघत राहिली. एवढा जड दगड, पण त्याच्या घासण्याच्या लयीत कसा हलका होऊन चालला होता! तिने मनातच वाट मोजली… अगदी मधोमध जाणार!

अर्ध्यावर स्ट्रूअनने एकदम हात वर केला. पायाने दगड अडवला आणि बाजूला सारला.

"माझा ब्रश दगडाला लागला. दगड बाद."

पंचांनी पाहिलं नव्हतं. समोरच्या संघानेही नाही.

"नक्की?" रोरीचा आवाज चिरकला.

"नक्की रे, दादा."

सामना गेला. व्हारीशेजारी उभ्या असलेल्या स्ट्रूअनच्या बापाने टोपी काढली. आजीच्या फोटोकडे बघत तो हळूच म्हणाला, "माझ्या आईवर गेलाय. तिनेही असाच हात वर केला होता."

व्हारी काचेपासून वळली आणि थेट बारकडे गेली.

जिंकलेले खेळाडू पेले भरून घेत होते. त्यांच्या आधीच तिने स्ट्रूअनपुढे पेला ठेवला.

"अहो, रिवाज मोडताय," तो कसंबसं हसला. "जिंकलेल्यानेच पाजायचं असतं."

"माहीत आहे."

"मग… तुम्ही काय जिंकलंत?"

तिने पेला आणखी जवळ सरकवला. "ते तूच सांग."

त्याचे कान लालबुंद झाले. त्याने पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे… आणि बुटातला तो अंगठा उगाच आवळला.

"मला," तो पुटपुटला. "भोकाच्या मोज्यासकट."