आट्यांचं झाकण

"चोर सापडलाय, लेन्सच सापडत नाही!" जळगावच्या आपल्या स्टुडिओत दीपमाला फणकारली.

"मग मला कशाला बोलावलंस?" प्राची तायडे म्हणाली. खासगी तपास हा तिचा व्यवसाय. सोबत आतेभाऊ ललित. त्याला प्रत्येक प्रकरण चहा येण्याआधीच सुटल्यासारखं वाटे.

दीपमालाचा आवाज उतरला. "कॅमेरा रोज आकाशच हाताळतो, म्हणून त्याला सकाळी सगळ्यांदेखत घरी पाठवलं गं. हे म्हणतात, संध्याकाळी पोलिसात जायचं. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा... मन मानत नाही."

"लेन्स कुठली?"

"रोलच्या जमान्यातली, आट्यांवर फिरवून बसणारी. रतिलालनानांकडून घेतली. नव्या कॅमेऱ्यावर थेट बसत नाही, म्हणून मध्ये ही रिंग. पण फोटोत मागची पानं अशी भोवऱ्यासारखी फिरतात ना!"

कॅमेरा टेबलावर होता. तोंडाशी रिंग, रिंगेवर काळं झाकण. प्राचीनं ते फिरवत फिरवत काढलं. मग खण उघडला. आत तसंच एक झाकण पडलेलं.

"चोर भलताच सज्जन," ललित हसला. "धूळ जाऊ नये म्हणून झाकून गेला!"

प्राचीनं आकाशला फोन लावला.

"मी बटण दाबून रिंगेसकटच लेन्स काढतो, मॅडम. रिंग कधी वेगळी केलीच नाही," तो कोरड्या आवाजात म्हणाला.

प्राचीनं विचारताच शेजारचा व्हिडिओवाला चंदन उसळलाच. "मागितली होती मी! नाही म्हणाली, विषय संपला. माझ्याकडे सगळा नवा माल. रोलचा एक कॅमेरा सापडला तर दाखवा!"

ललितनं मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या.

पारोळ्याचे रतिलालनाना, कालही येऊन गेलेले, आज कोपऱ्यात चहा फुंकत होते. "मला काय कळतं या नव्या यंत्रातलं, बेटा? माझा रोलवाला अजून कपाटात शे. तेवढाच पुरे."

"चंदनच!" ललित कुजबुजला.

"चंदननं रिंग मागे ठेवली असती?" प्राची मोठ्यानं म्हणाली. "रिंगेशिवाय ही लेन्स त्याच्या कॅमेऱ्याला काय कामाची? आकाशच्या हाताला तर रिंगेसकट काढायची सवय. नेणाऱ्याला रिंग नकोच होती. त्याचा कॅमेराच आट्यांचा. आणि हे झाकण बघा. या कॅमेऱ्याचं खरं झाकण खणात आहे, त्याला आटे नाहीत. याला आहेत. उघडं तोंड दिसलं की झाकायचं, ही जुनी सवय... नाना, खिशातलं झाकण तुम्हीच लावलंत ना?"

नानांनी बशी खाली ठेवली.

"हो बेटा. पणतूचं बारसं शे उद्या. घरातल्या बठ्ठ्या पोरांचा, एकूण एकाचा, पहिला फोटो त्याच लेन्सनं काढला मी. स्वतः विकलेली वस्तू मागू कशी? बारसं झालं की आणून ठेवणार होतो. आकाशचं नाव घेतलंत, अन् माझं तोंडच उघडेना."

"मागायची होतीत, नाना!" दीपमाला रडवेली झाली. "मीच बारशाला आले असते!"

तिनं घाईघाईनं फोन उचलला. "आकाश, चूक माझी. तू काही केलं नाहीस. नानांनी कबूल केलंय. आत्ताच्या आत्ता ये."

आकाशनं तिला मध्येच थांबवलं.

"मला नका सांगू, ताई. बाबांना सांगा. सकाळपासून त्यांनी माझ्याकडे बघितलेलं नाही."

फोन दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली. "कोण?" एक थकलेला, जाड आवाज आला.

दीपमाला खुर्चीतून उठून उभी राहिली. पदर सारखा केला. "भाऊ," ती म्हणाली, "मी दीपमाला. तुमच्या मुलावर मी खोटा आळ घेतला."