वांगजिया पुलाखालचा हात

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगते, की माझ्या आत्याने आयुष्यात एकही गोष्ट फुगवून सांगितलेली नाही. आणि त्या दिवशी तिच्या नावेत बसलेल्या दोघांशी मी स्वतः बोलले आहे.

साल २०१४. तारीख २१ डिसेंबर. जागा, सुझोउपासून बसने तासाभरावर असलेलं आमचं कालव्यांचं गाव, युनतांग.

रात्र नव्हती. दुपारचे चार वाजून गेले होते.

पण वर्षातली सगळ्यात मोठी रात्र पुढे होती. आमच्याकडे त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आत माणूस घरी असतो. जेवायला घरचे सगळे बसतात... मेलेलेसुद्धा. त्यांचा वाडगा, त्यांच्या जेवायच्या काड्या, त्यांची गोड दारू, सगळं मांडायचं असतं.

आत्याला या मांडामांडीचा राग होता.

तिचं नाव लियानदी. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. पर्यटकांना कालव्यातून फिरवायची. नावेच्या मागच्या टोकाला उभं राहून, एकच लांब वल्हं डावीकडे-उजवीकडे हलवत. गावात नाव चालवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण आत्याएवढी तोंडाळ एकही नाही.

तिचा नवरा गेनशेंग आठ वर्षांपूर्वी याच दिवशी गेला होता. संध्याकाळी वांगजिया पुलाखाली बुडाला. पट्टीचा पोहणारा माणूस. कमरेएवढ्या पाण्यात.

त्याच्याआधी त्याच जागी एक वीटभट्टीवाला गेला होता. त्याच्याआधी आणखी कोणी.

गावातले म्हातारे म्हणतात, बुडालेल्याला सुटका नसते. त्याच्या जागी दुसरा कोणी आला, तरच तो सुटतो. म्हणून तो पाण्यात वाट बघत बसतो.

आत्या म्हणायची, हे सगळं दारूड्यांना सोयीचं आहे. पिऊन पडायचं आणि नाव भुताचं.

तर त्या दिवशी घाटावर नावा बांधून झाल्या होत्या. तिकीटखिडकीवाले ताओदादा कुलूप लावत होते. तेवढ्यात दोघं जण धापा टाकत आले.

हाओ मास्तर आणि त्यांची मुलगी वानच्यू. मास्तर त्र्याहत्तर वर्षांचे, झेंगझोउच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेले. बायको वारल्यावर त्यांनी पुस्तकांतून शिकवलेली जुनी शहरं एकेक करून डोळ्यांनी बघायला घेतली होती. हांगझोउ झालं, शाओशिंग झालं, सुझोउ झालं. वांगजिया पुलाच्या कमानीत आतून एक जुना शिलालेख आहे, तो फक्त नावेतूनच दिसतो. तो त्यांना बघायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळची त्यांची परतीची गाडी होती.

ताओदादांनी मान हलवली. आज नाही. त्या पुलाकडे तर नाहीच.

मुलीने विनवलं. मास्तर नुसते पाण्याकडे बघत राहिले.

आत्याने नुकताच बांधलेला दोर पुन्हा सोडायला घेतला. "बसा मास्तर," ती म्हणाली. "मी नेते."

ताओदादांनी तिला बाजूला घेतलं. "लियानदी, आजचा दिवस कोणता आहे ते तुला मी सांगायला हवं का?"

"दिवस माझ्या नवऱ्याचा आहे, दादा. तुम्ही कशाला घाबरता?"

नाव निघाली.

पहिली पाचसात मिनिटं काही झालं नाही. काठावरच्या घरांतून डुकराच्या मटणाचा वास येत होता. चहाच्या दुकानात रेडिओ लागला होता. कोणाच्या तरी मागच्या पायऱ्यांवर बदकं कलकलत होती. मास्तर मुलीला दारांवरची नक्षी दाखवत होते.

मग कालवा वळला. समोर पूल दिसला.

आणि आत्याच्या लक्षात आलं...

बदकं गप्प झाली होती.

रेडिओही ऐकू येत नव्हता. तिला वाटलं, लांब आलो आपण. तिने मागे वळून बघितलं. चहाचं दुकान तिथेच होतं, हाकेच्या अंतरावर. आत माणसं हसताना दिसत होती.

आवाज मात्र नव्हता.

तिने वल्हं मारलं. ते वल्हं वीस वर्षं कुरकुरत होतं. तेल घालूनही कुरकुरायचं. गल्लीतली मुलं त्याची नक्कल करायची.

आता ते कुरकुरत नव्हतं...

आत्याने वल्हं क्षणभर रोखलं. पण तिने नाव वळवली नाही. पुढे मला ती म्हणाली, तेव्हा भीतीपेक्षा रागच जास्त आला होता. आठ वर्षं मी एकटी या पाण्यावर पोट भरते, आणि आता हे मला पळवून लावणार?

नाव कमानीखाली शिरली. उजेड एकदम कमी झाला.

त्या कमानीखाली साधा खोकला आला तरी दोनदा ऐकू येतो. वानच्यू म्हणाली, "बाबा, तो बघा लेख."

प्रतिध्वनी आला नाही.

आणि नाव पुढून खाली दबली...

नाव चालवणाऱ्या माणसाला पायांतून कळतं, किती जण बसलेत. आत्याच्या पायांना कळलं, पुढच्या बाजूला कोणीतरी भार टाकलाय. दोघांचा नव्हे, तिसऱ्याचा.

मास्तरांनी लेखाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पाण्याकडे वाकले होते.

"काय झालं मास्तर?" आत्याने विचारलं.

"पाण्यात एक माणूस आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "हात मागतोय."

आणि त्यांनी हात पुढे केला.

आत्याने वल्हं सोडलं. दोन ढांगांत ती पुढे पोचली आणि मास्तरांच्या कोटाची कॉलर धरून त्यांना मागे खेचलं. म्हातारे मुलीच्या अंगावर कोसळले. आत्याने त्यांच्या जागी गुडघे टेकले आणि खाली बघितलं.

नावेच्या काठावर हात होता.

पांढरा पडलेला. पुरुषाचा. चौथं बोट अर्धं तुटलेलं.

ते बोट लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भाताच्या गिरणीत गेलं होतं. पट्टी आत्यानेच बांधली होती.

पाणी काळं होतं. हाताच्या खाली काही दिसत नव्हतं.

"गेनशेंग," ती म्हणाली. "हात काढ."

हात हलला नाही. नाव आणखी कलली. मागे वानच्यू रडायला लागली होती, पण तिचंही रडणं कापसातून आल्यासारखं येत होतं.

"ऐकू येत नाही का? हा माणूस माझ्या भरवशावर नावेत बसलाय. हा तुला मिळणार नाही."

काठावरून पाणी आत यायला लागलं...

तेव्हा आत्याने जे केलं, ते मी कधीच केलं नसतं. तुम्हीही केलं नसतं.

तिने तो हात आपल्या हातात घेतला.

थंड होता, ती सांगते. डिसेंबरचं पाणी असतं तसा नव्हे. त्याच्याहून खूप थंड. तिने पाय फळीखाली अडकवला, दुसऱ्या हाताने काठ घट्ट धरला.

"माणूसच हवाय ना? मग मला ओढ," ती म्हणाली. "पण मी येणार नाही. तुझं घर मी चालवलं, तुझ्या आईला शेवटपर्यंत मी भरवलं. तेव्हा नाही बुडाले, तर आता बुडेन होय? ओढ, बघू."

त्याने ओढलं.

तिचा खांदा निखळतो की काय असं झालं. तोंड पाण्याला टेकलं. तिने डोळे मिटले नाहीत. ती ओढत राहिली, तो ओढत राहिला.

किती वेळ, तिला सांगता येत नाही. वानच्यू म्हणते, मिनिटभरसुद्धा नसेल.

मग त्या बोटांनी तिची बोटं दाबली. एकदाच. आणि सुटली.

नाव धाडकन सरळ झाली. आणि सगळे आवाज एकदम आले. बदकं, रेडिओ, रडणं, कमानीत दोनदा घुमणारं.

आत्याने वल्हं उचललं आणि नाव घाटावर आणली. ताओदादा कुलूप हातात धरून तिथेच उभे होते. त्यांनी आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला.

त्या रात्री हाओ मास्तर आणि वानच्यू आमच्याच घरी जेवले. मी तेव्हाच त्यांना विचारलं. वानच्यूला पाण्यात काहीच दिसलं नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की नाव कललीय आणि या बाई मूठ आवळून पाण्याशी भांडताहेत. मास्तरांना मात्र माणूस दिसला होता. पन्नाशीचा, निळं जाकीट घातलेला. फार अदबीने बोलत होता, ते म्हणाले. मास्तर, जरा हात देता का.

आमचा गेनशेंगकाका पन्नाशीतच गेला. निळ्या जाकिटात. आणि आमच्या घरात त्याचा एकही फोटो भिंतीवर नाही, आत्याने कधी लावू दिला नाही.

आत्याच्या उजव्या हाताला मार्चपर्यंत ऊब आली नाही. गरम चहाचा पेला धरला तरी तिला कळायचं नाही.

पुढच्या वर्षी नाववाल्यांची बैठक झाली. ठरलं, की त्या दिवशी पुलाकडे कोणीच जायचं नाही. एक पुजारी आणून विधी करायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आत्या उठून उभी राहिली. तुमचा विधी तुम्ही करा, ती म्हणाली. नावा बंद केल्यात तर तो काठावरच्या कोणाला तरी हाक मारेल. गावात इतके पाहुणे येतात, त्यांना काय माहीत हात कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही. त्याला नाही म्हणणारं कोणीतरी तिथे पाहिजे. मी जाणार.

आणि ती गेली. एकटी, रिकामी नाव घेऊन. त्याच्या पुढच्या वर्षीही. दरवर्षी.

तेव्हापासून त्या पुलाखाली कोणी बुडालेलं नाही.

मागच्या डिसेंबरात मी हट्ट करून तिच्याबरोबर गेले. मला तिने नावेच्या मधोमध बसवलं आणि हात मांडीखाली दाबून ठेवायला सांगितले. कमानीखाली तिने वल्हं थांबवलं.

ती बोलायला लागली. अगदी घरातल्यासारखं. छप्पर गळतंय, भाचीचं लग्न ठरतंय, ताओदादा गेले. मध्ये थांबायची. कोणी बोलत असताना आपण थांबतो ना, तशी. मग उत्तर द्यायची. दोनदा चिडली. एकदा हसली.

मला काही ऐकू आलं नाही. पाण्याचासुद्धा आवाज नव्हता...

परत येताना मी विचारलं, काय म्हणतात काका?

आत्याने वल्हं मारत सांगितलं.

"विचारतो, तुझ्यानंतर मला 'नाही' म्हणायला कोण येणार?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, तुला काय करायचंय. मी अजून आहे."

आत्या आता अडुसष्ट वर्षांची आहे. गुडघे दुखतात तिचे. मला नाव चालवता येत नाही, पण या उन्हाळ्यात तिने मला वल्हं धरायला शिकवायला घेतलंय. मी कारण विचारलेलं नाही. रोज सकाळी जाते. पुलाच्या अलीकडून परत फिरते.