उत्तरेकडचे खांब

"अहो! नाक आहे ते!"

टेकडीवरच्या जुन्या प्रार्थनागृहात ती जमिनीवर उताणी पडून खांबांच्या माथ्यांवरची नक्षी कागदावर उतरवत होती, आणि वरून दोरीला बांधलेला पितळी ओळंबा अलगद खाली येत थेट तिच्या नाकासमोर थांबला होता. मचाणावरून धुळीनं माखलेलं एक डोकं डोकावलं.

"सॉरी... खाली कुणी असेल असं वाटलं नाही."

"सकाळपासून आहे. भिंती सोडून माणसांकडेही बघत जा जरा."

"बघतोय की," तो म्हणाला, आणि बघतच राहिला.

झालं! प्रेमात पडायला लोक बागा शोधतात, समुद्र शोधतात. या दोघांना मिळालं शेकडो वर्षांचं, तडे गेलेलं, पारव्यांनी भरलेलं घर. शहाण्या माणसानं तिथूनच मागं फिरावं. पण शहाणपण अशा वेळी कुणाजवळ असतं?

तो भिंतींचा इंजिनियर, ती नक्षीची चित्रकार. त्यानं तिचं नाव ठेवलं वेलबुट्टी, तिनं त्याचं, भिंत सरळ आहे का ते सांगणाऱ्या त्या लोलकावरून, ओळंबा. दोघांचं काम एकच होतं – गावातल्या दोन मध्ययुगीन प्रार्थनागृहांची तुलना. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीतल्या त्यांच्या साहेबांकडे पैसे होते एकाच्याच दुरुस्तीपुरते. कुठल्याची, ते समिती ही तुलना बघून ठरवणार होती. टेकडीवरचं ठेंगणं, जाड भिंतींचं, गोल कमानींचं. आत सदा अंधार, आणि असेल नसेल ती नक्षी खांबांच्या माथ्यांवर. पानं, पक्षी, दात विचकणारे सिंह. नदीकाठचं त्याच्यापेक्षा धाकटं. उंचच उंच, टोकदार कमानींचं, भिंती कमी अन् खिडक्या जास्त, आणि त्या खिडक्यांच्या रंगीत काचांत सगळा थाट.

"नदीकाठचं किती देखणं आहे ना!" ती म्हणायची.

"आहे. पण त्याला माझी गरज नाही. भिंती ठणठणीत आहेत त्याच्या."

यातच सगळं आलं. टेकडी निवडली गेली, तर त्याला इथं काही वर्षांचं काम होतं. नदीकाठ निवडला, तर लगेच दूरच्या शहरात दुसरी नोकरी. त्याच्या पगारावर आईचं घर चालत होतं, त्याला बसून राहणं परवडणारं नव्हतं. आणि तिला गाव सोडता येत नव्हतं. आई केव्हाच गेलेली, वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, घास भरवायला तिच्याशिवाय कुणी नाही. म्हणजे दोघांचा संसार त्या तडे गेलेल्या भिंतींवर उभा राहायचा होता.

वडिलांना सगळं कळत होतं. "तुझा तो सरळ माणूस आज आला नाही का गं?" ते अडखळत विचारायचे. "ये म्हणावं. माझीही एक बाजू ढासळलीये. टेकू लाव म्हणावं."

ती हसायची, आणि चेहरा फिरवून उशीचा अभ्रा बदलायची.

त्या संध्याकाळी बाहेर पावसानं नुसता हैदोस घातला होता. दक्षिणेकडच्या खांबांची चित्रं संपली होती. उत्तरेकडची बाजू काळोखी, तिथल्या दिव्यांची काजळी खांबांवर बोटभर चढलेली. तिनं टॉर्च उचलला.

"तिकडे कशाला?" तो म्हणाला. "दक्षिणेसारखीच आहे. मी मोजलीये – अंतर तेच, उंची तीच. अर्धं काढलंयस ना? उलटव आणि टाक."

त्यांच्या धंद्यात हे सर्रास चालतं. अर्धी वास्तू काढायची, उरलेली अर्धी आरशातल्यासारखी उलटवायची.

"नक्की?"

"ओळंबा कधी खोटं बोलतो?" त्यानं चहाचा कप पुढं केला. "बस ना... जरा वेळ."

ती बसली. खांद्याला खांदा लागला, आणि दोघांपैकी कुणीच तो हलवला नाही. पाऊस वाजत होता. पुढ्यातल्या कागदावरचे सिंह तिला त्या दिवशी हसल्यासारखे दिसले.

"टेकडीचं नक्की झालं, की बाबांना भेटायला येतो," तो हळूच म्हणाला. "आईला घेऊन... नीट, रीतसर."

 इतकी सुखी ती पूर्वी कधीच नव्हती, आणि पुढंही कधी होणार नव्हती.

उत्तरेकडची बाजू तिनं उलटवूनच दिली. समितीचा निकाल साहेबांनीच सांगितला. "नदीकाठ. अगं, तुझीच चित्रं बघून ठरलं! तिथली एक खिडकी दुसरीसारखी नाही. टेकडीवर मात्र तेच ते. एक बाजू बघितली, की संपलं."

 तशीच टेकडी चढून ती आत धावली. उत्तरेकडच्या पहिल्या खांबाला शिडी लावली, मऊ ब्रशनं काजळी झटकली. सिंह नव्हता. पायातला काटा काढणारा माणूस होता. दुसऱ्या खांबावर केस विंचरणारी बाई. तिसऱ्यावर एकमेकांच्या दाढ्या ओढत भांडणारे दोन म्हातारे. दक्षिणेकडे सगळी पानं आणि प्राणी, इकडे सगळी माणसं! त्या कारागिरांनी खांब सारख्या मापाचे उभारले होते, नक्षी मात्र एकाचीही दुसऱ्यावर आणली नव्हती.

मागं तो येऊन उभा होता. 

"सारखीच आहे म्हणालो मी..."

"मापं सारखीच आहेत. तू खोटं नाही बोललास." ती शिडीवरून उतरली. "बघायचं काम माझं होतं रे!"

दोघं साहेबांकडे धावले. साहेब कपाळाला हात लावून बसले. "आता? मंजुरी आली, नदीकाठी मचाण उभं राहिलं. आधी कुठं गेली होती ही तुमची माणसं?" 

छत कधीही कोसळेल म्हणून टेकडीवरचं दार विटांनी बांधून टाकायचं ठरलं. शेवटच्या दिवशी तो टॉर्च धरून उभा राहिला, आणि तिनं उत्तरेकडचे खांब काढले. कुणालाच नको असलेली चित्रं. तिच्या हाताखालचा कागद सारखा ओला होत होता.

"चल माझ्याबरोबर."

"बाबांना कुणाच्या हवाली करू?"

"मग मी राहतो. पडेल ते काम करीन."

"आणि आई?"

 त्यानं टॉर्चचा उजेड पुढच्या खांबावर सरकवला.

"वाट बघशील?" त्यानं विचारलं.

"कशाची? बाबांच्या जाण्याची?" ती म्हणाली, आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकली. "नको... असलं काही मागू नकोस माझ्याकडे. नाहीतर रोज त्यांच्या तोंडात घास घालताना माझा हात थांबेल."

त्यानं टॉर्च खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "माझं फार प्रेम आहे तुझ्यावर, वेलबुट्टी."

"माहितीये," ती म्हणाली. "माझंही आहे. काय उपयोग?"

दोघं बाहेर आले. दाराशी मिस्त्री विटा रचून खोळंबला होता. त्यानं आतल्या अंधारात एकदा डोकावून पाहिलं.

"आत कुणी राहिलं नाही ना?"

ओळंब्यानं तिच्याकडे पाहिलं. ती दाराकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "घ्या बांधून."