खोटा इशारा, खरी धडक

"भावजींचा डोळा मी घालवला, असं माझी सख्खी ताई म्हणते," धाकटीनं उभ्यानंच सांगितलं. "नोकरी गेली ती गेली. पण हे मी ऐकून घेणार नाही."

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी तिला बसवलं. त्यांचे चुलतभाऊ नाना वही उघडून बसले.

धाकटी कारखान्यात संगणकावर मशीनचे प्रोग्राम बनवायची. लोखंड कापण्याआधी सगळं काम पडद्यावर चालवून पाहायचं. लोखंड कापणारं टूल कुठं आपटणार असेल तर तो भाग लाल होई.

"तीन आठवडे लाल येत होतं आणि ते खोटं होतं," ती म्हणाली. "मिस्त्रींनी तुकडा धरणारे क्लॅम्प बदलून बुटके बसवले होते. संगणकात चित्र जुन्या, उंच क्लॅम्पचंच. चित्र बदलायचा पासवर्ड सुपरवायझरांकडे. बदला म्हणून तीनदा लिहून दिलं."

"आणि अपघात झाला त्या मंगळवारी?"

"सकाळी लालच होतं. दुपारी मालकांनी बोलावलं. परत येऊन बघते तर हिरवं. वाटलं, एकदाचं चित्र दुरुस्त केलं. तीनला प्रोग्राम मशीनला सोडला."

टूल क्लॅम्पवर आदळलं. उडालेली कपची मशीन चालवणाऱ्या भावजींच्या, ताईच्या नवऱ्याच्या, डोळ्यात घुसली.

"त्या खोलीत कोण कोण जातं?"

"मी, मिस्त्री, सुपरवायझर. मालक कधी पायरीही चढत नाहीत."

बाई कारखान्यात गेल्या तेव्हा मालकांचा पारा अजून चढलेलाच होता. "सव्वादोनला बाहेरचे पाहुणे येणार आणि एकला सुपरवायझर येऊन सांगतो, हिच्या पडद्यावर लाल! तेव्हापासून पाहुणे येईपर्यंत केबिनमध्ये उभी करून झापली तिला."

"पाहुण्यांनी पडदा पाहिला?"

"सुपरवायझरनं दाखवला. सगळं हिरवं. खूश होऊन गेले."

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "बुटक्या क्लॅम्पना तडे गेले होते. सुपरवायझर म्हणाले, जुने उंच लाव. एकला जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा लावले. तिचे भावजी मदतीला होते, अडीचपर्यंत दोघंही मशीनपासून हललो नाही."

"धाकटीला सांगितलंत?"

"सुपरवायझर म्हणाले, मी सांगतो."

सुपरवायझरनं हाताची घडी घातली. "बाई, गोष्ट सरळ आहे. तीन वाजता तिच्यासमोर लाल इशारा होता. रोजचंच म्हणून तिनं 'दुर्लक्ष करा' दाबलं. मी संगणकाला हातसुद्धा लावलेला नाही."

"तीच चुकली की हो," बाहेर येताच नाना पुटपुटले.

बाई सरळ संगणकाच्या खोलीत गेल्या. लाल इशारा आणून त्यांनी 'दुर्लक्ष करा' दाबलं. सूचना गेली, क्लॅम्प लालच राहिला. मग तपासायच्या भागांच्या यादीतून क्लॅम्पच काढला. पडदा हिरवा झाला. यासाठी पासवर्ड लागला नाही.

वाटेत त्या इस्पितळात गेल्या. मिस्त्री जागचे हलले नव्हते, असं भावजींनीही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळे मालकांच्या केबिनमध्ये जमले. ताईही आली होती. तिनं धाकटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दुर्लक्ष केल्यानं लाल पुसलं जात नाही," बाईंनी सुरुवात केली. "आणि सव्वादोनला पाहुण्यांनी हिरवं पाहिलं. म्हणजे त्याआधीच कुणीतरी क्लॅम्प यादीतून काढला होता."

"हिनंच काढला असेल," सुपरवायझर म्हणाला.

"एकला लाल होतं, हे तुम्हीच मालकांना सांगितलंत. तेव्हापासून पाहुणे येईपर्यंत ती त्यांच्यासमोर उभी होती. मिस्त्री भावजींबरोबर मशीनपाशी. खोलीत जाणारं उरलं कोण?"

सुपरवायझरच्या हातांची घडी सुटली. "रोज खोटंच यायचं ते. पाहुणे दारात होते. नंतर परत घालणार होतो."

"तीन आठवडे खोटं होतं," बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मंगळवारी ते खरं झालं, कारण उंच क्लॅम्प तुम्हीच लावायला सांगितले. उंच क्लॅम्प लागलेत आणि यादीत क्लॅम्पच नाही, हे एकट्या तुम्हालाच माहीत होतं. वरून माणसाचा डोळा घालवल्यावर दोष हिच्या माथी मारलात."

"आणि मी हिलाच तासभर..." मालक धाकटीकडे वळले. "पोरी, उद्यापासून कामावर ये."

"कामाचं नंतर," धाकटी म्हणाली. "आधी झालं ते लिहून द्या. सहीनिशी."

मालकांनी कागद ओढला.

ताई उठून धाकटीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मोठ्या अक्षरात लिहा," ती मालकांना म्हणाली. "त्यांना एकाच डोळ्यानं वाचायचंय."